आधी खुर्ची हलव

चि. समीर यास,


तुझं पत्र, खोलीचा नकाशा आणि दोन्ही रेकॉर्डिंग मिळाली. दार, खिडकी, सोफा, आईचा दिवाण, सगळ्यांची मापं फुटांत दिलीस हे फार बरं केलंस. त्यामुळे मला इथे बसून काही ठामपणे सांगता येतंय.

तुझी अडचण मला समजली ती अशी. नवा बारा इंची सबवूफर आणलास, पण तुझ्या खुर्चीवर बेस पोकळ लागतो. 'झिंगाट' लावलं तर काही ठोके अंगावर येतात आणि काही कुठे गेले ते कळत नाही. म्हणून तू सबवूफरचा आवाज वाढवत वाढवत पाऊण फेऱ्यापर्यंत नेलास. आणि आई, म्हणजे तुझी आजी, मागच्या भिंतीला टेकलेल्या दिवाणावर बसते. तिच्या छातीत धडधडतं आणि ती सिनेमा अर्धा टाकून आत निघून जाते. दुकानदाराचं म्हणणं, बारा इंची कमी पडतोय, पंधरा इंची घ्या.

घेऊ नकोस. एकाच खोलीत, एकाच वेळी, तुला कमी पडतंय आणि आईला सोसवत नाहीये. सबवूफर खरोखर कमी पडत असता तर तो दोघांनाही कमी पडला असता. तुझ्या सबवूफरमध्ये दोष नाही. खोली बेस कुठे साठवते आणि कुठे गिळते, हे बघायला हवं.

परातीत पाणी घेऊन चाललं की ते हिंदकळतं. काठाशी वर-खाली होतं आणि मधोमध जवळजवळ जागच्या जागी असतं. बंद खोलीतल्या हवेचा दाब ठरावीक स्वरांना असाच हिंदकळतो. समोरच्या भिंतीवर आपटून परत आलेली लहर जाणाऱ्या लहरीत मिसळते आणि खोलीच्या मापाशी जुळणाऱ्या स्वराला दोन्ही मिळून एक स्थिर लहर तयार होते. दाब भिंतीपाशी सर्वांत जास्त आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ शून्य. हे स्वर कोणते, ते काढायला मोठं गणित लागत नाही. ५६५ला खोलीच्या फुटांनी भाग.

तुझी खोली सोळा फूट लांब आहे, म्हणून ३५ हर्ट्झ. अकरा फूट रुंद, म्हणून ५१. छत साडेनऊ फुटांवर, म्हणून ५९. या प्रत्येकाची दुप्पटही धरायची. लांबीची दुप्पट ७०, आणि ती तुझ्याकडे फार महत्त्वाची आहे.

आता तुझी खुर्ची नकाशावर बघ. पुढच्या भिंतीपासून आठ फूट आणि बाजूच्या भिंतीपासून साडेपाच फूट. म्हणजे लांबीचाही मध्य आणि रुंदीचाही मध्य. ३५ आणि ५१, दोन्ही स्वरांचा दाब जिथे सर्वांत कमी, नेमक्या त्या बिंदूवर तू बसला आहेस. ७०ची गोष्ट उलटी. दुप्पट स्वराला दाब दोन्ही भिंतींपाशी जास्त असतो आणि मध्यावरही जास्त असतो. खड्डे पडतात ते चार आणि बारा फुटांवर. म्हणून तुझ्या खुर्चीवर खालचा बेस गायब आणि ७०च्या आसपासचं सगळं घुमतंय. आईचा दिवाण मागच्या भिंतीला लागून आहे. तिथे ३५ही पूर्ण, ७०ही पूर्ण. तुझ्या खुर्चीवर न मिळणाऱ्या ३५साठी तू आवाज वाढवतोस आणि ती सगळी वाढ तिच्या अंगावर जाते.

आणखी एक गोष्ट. आपला कान खालच्या स्वरांना मंद असतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजून दाखवलं. पण त्याच मोजणीतून हेही दिसतं की खालच्या पट्टीत डेसिबल थोडे जरी वाढले तरी कानाला आवाज खूप वाढल्यासारखा वाटतो. वरच्या पट्टीत पाच डेसिबलचा फरक आपण सहज सोसतो. ४० हर्ट्झला तोच फरक दांडगा लागतो. आई उगाच तक्रार करत नाहीये, हे आधी मनाशी पक्कं कर.

तू नेटवर अमेरिकेतल्या लोकांचे सल्ले वाचतोस असं लिहिलंस. वाचत जा, पण त्यांच्या भिंती आणि आपल्या भिंती वेगळ्या आहेत हे लक्षात ठेव. त्यांच्या घरात लाकडी चौकटीवर जिप्सम बोर्ड ठोकलेला असतो. बेस आला की तो थोडा हलतो आणि हलता हलता बराच बेस पिऊन टाकतो, काही बाहेरही जाऊ देतो. आपली वीट, प्लास्टर आणि वर-खाली काँक्रीटचा स्लॅब यातलं काही करत नाही. बेस आतल्या आत फिरत राहतो. म्हणून आपल्याकडे हे उंचवटे जास्त उंच असतात, आणि ठोका वाजून गेला तरी त्याची शेपटी रेंगाळते. 'झिंगाट'चे ठोके एकमेकांत मिसळून चिखल होतो तो यामुळेच.

आता कामाला लाग, पण एक क्रम पाळ: आधी बसण्याच्या जागा, मग सबवूफरची जागा, मग मोजणी, आणि बटणं सर्वांत शेवटी. बहुतेक लोक उलटीकडून सुरुवात करतात, म्हणून वर्षानुवर्षं बटणं फिरवत बसतात.

तुझी खुर्ची दोन फूट मागे घे, पुढच्या भिंतीपासून दहा फुटांवर. तिथे ३५चा खड्डा संपतो आणि ७०चा उंचवटाही तीनेक डेसिबलनं उतरतो. टीव्हीपासून थोडं लांब जाशील, त्याची चिंता करू नकोस. आईसाठी दिवाणाऐवजी तिची आरामखुर्ची ठेव, बारा फुटांवर, तुझ्या उजव्या हाताला जरा मागे. बारा फुटांवर ७०चा खड्डा आहे. ज्या दणक्यानं तिला त्रास होतो तो तिथे पोचणारच नाही आणि ३५ही भिंतीपाशी होता त्याहून सौम्य होईल. दिवाण नुसता दोन फूट पुढे ओढूनही ७० थोडा कमी होईल, पण ३५ जवळपास तसाच राहील. म्हणून खुर्चीच बरी. भिंतीला पाठ लावून बसायची जागा सिनेमाच्या खोलीत शक्य तोवर कुणालाच देऊ नये.

मग सबवूफर. तो तू पुढच्या डाव्या कोपऱ्यात ठेवलायस. कोपऱ्यात आवाज मोठा येतो म्हणून दुकानात तसंच सांगतात, आणि येतो हे खरं आहे, कारण कोपऱ्यातून खोलीचे सगळेच स्वर पूर्ण जोरात उठतात. आपल्याला नेमकं तेच नको. जागा शोधायची जुनी आणि खात्रीची रीत अशी: सबवूफर उचलून तुझ्या खुर्चीच्या जागी, जमेल तितका कानाच्या उंचीवर ठेव. बास गिटार सुरांवरून चढत-उतरत जाईल असं काहीतरी संथ लाव. मग तू भिंतीच्या कडेकडेनं रांगत जा, कान जमिनीपासून फूटभर. कुठे एकच सूर फुगलेला ऐकू येईल, कुठे काही सूर बुडालेले. ज्या जागी सगळे सूर सारखे लागतील तिथे सबवूफर ठेव आणि तू खुर्चीवर जा. आवाज देणारा आणि ऐकणारा यांनी जागा बदलल्या तरी मधला मार्ग तोच राहतो, हा नियम एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ आणि रॅले यांनी मांडला. तोच इथे कामी येतो.

ऐकायला बास गिटार चांगलीच, तिची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झला बोलते. पण माझा स्वतःचा विश्वास डग्ग्यावर जास्त आहे. नीट रेकॉर्ड केलेला एखादा तबल्याचा सोलो घे. वादक मनगट पुडीवर दाबून पुढे सरकवतो तेव्हा डग्ग्याचा सूर न तुटता चढत जातो. त्या घसरत्या सुरात खोलीची खोट लपत नाही. चांगल्या जागी तो सूर एकसंध चढतो. वाईट जागी मध्येच एकदम फुगतो, किंवा विझून परत उगवतो. सिनेमाच्या स्फोटांवर कधीच पारख करू नकोस. स्फोटात सगळेच स्वर एकदम असतात, त्यात काय गहाळ झालं ते कळत नाही.

माझा अंदाज, जागा पुढच्या भिंतीच्या मध्याजवळ निघेल. तिथे सबवूफर ठेवला की रुंदीचा ५१चा घुमारा उठतच नाही, कारण त्या स्वराचा खड्डा तिथेच आहे. टीव्हीचं युनिट आड येत असेल तर ते सरकव. खोली सिनेमासाठीच केली आहेस ना!

एवढ्यावर तुझं बरंच भागेल. पण पैसे खर्च करायचेच असतील तर पंधरा इंची एक घेण्यापेक्षा आहे तसाच दुसरा बारा इंची घे आणि तो मागच्या भिंतीच्या मध्यावर ठेव. हर्मन कंपनीतल्या टॉड वेल्टी यांनी २००२ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या म्युनिक अधिवेशनात याच प्रश्नावर निबंध वाचला होता, की खोलीला सबवूफर किती पुरे. चौकोनी खोलीत किती सबवूफर कुठे ठेवले तर खुर्चीखुर्चीतला फरक सर्वांत कमी होतो, हे त्यांनी तपासलं. चार भिंतींच्या मध्यांवर चार, ही मांडणी उत्तम ठरली, आणि समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यांवर दोन ही तिच्या फार मागे नाही. चारापलीकडे जाऊन हाती विशेष काही लागत नाही. कारण सोपं आहे. ३५च्या लहरीत पुढची भिंत दाबात असते तेव्हा मागची ओढीत असते. दोन्हीकडून सारखाच धक्का दिला की ती लहर उभीच राहत नाही. दुसरा सबवूफर जास्त आवाजासाठी घ्यायचा नसतो, तो एकसारख्या आवाजासाठी घ्यायचा. दोघांची पातळी सारखी ठेव, आणि मागच्याची वायर दारातून आडवी नेऊ नकोस, स्कर्टिंगच्या कडेनं ने. आई त्या खोलीत अंधारात ये-जा करते.

७०चा उंचवटा मात्र या मांडणीतही राहील, दोन्ही सबवूफर त्याला सारखाच जोर देतील. त्याचा बंदोबस्त पुढे सांगते.

आता मोजणी. मोबाइलच्या अॅपवर बेस मोजू नकोस. फोनचा माइक बोलणं टिपायला बनवलेला असतो, खालच्या पट्टीत त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. तुझ्या रेकॉर्डिंगवरून मी घुमारा ओळखू शकले, पण किती ते सांगू शकत नाही. यूएसबीवर चालणारा कॅलिब्रेशन फाइलसह मिळणारा माइक घे. मिनीडीएसपीचा उमिक-१ पुष्कळ लोक वापरतात. सॉफ्टवेअर फुकट आहे, जॉन मल्काही यांचं रूम ईक्यू विझार्ड. माइक तुझ्या कानाच्या उंचीवर, तोंड छताकडे, आणि फाइल नव्वद अंशांची निवड. पंखा आणि एसी बंद. दार जसं सिनेमा बघताना असतं तसं, कारण उघड्या दारानं खोलीचं मापच बदलतं. आधी नुसता सबवूफर, १५ ते २०० हर्ट्झ. तुझी खुर्ची, आईची खुर्ची आणि सोफ्याची दोन्ही टोकं, असं वेगवेगळं मोज. आलेख गुळगुळीत करायची सोय त्यात असते, ती बंद ठेव. तिनं खड्डे झाकले जातात आणि आलेख बघून उगाच समाधान वाटतं. आवाज किती वेळ रेंगाळतो ते दाखवणारा धबधब्यासारखा आलेखही त्यात आहे, तोही बघ. तुझ्या खोलीत ७०ची शेपटी लांब दिसेल.

तू पत्राच्या शेवटी घाईघाईनं लिहिलंस की सबवूफर चालू केला की बारीक घुं येते. ती वेगळी भानगड आहे, पण तुझ्या खोलीत ती नेमकी वाईट ठिकाणी पडते. आपली वीज ५० हर्ट्झची आणि तुझ्या रुंदीचा स्वर ५१. म्हणजे एरवी जाणवलीही नसती इतकी घुं खोली स्वतः मोठी करून देतेय. बाजूच्या भिंतीशी कान ने, तिथे ती जास्त ऐकू येईल. बहुधा सबवूफर आणि रिसीव्हर वेगवेगळ्या सर्किटवर आहेत किंवा केबल टीव्हीच्या वायरीतून दुसरं अर्थिंग शिरतंय. केबलची वायर काढून बघ. घुं थांबली तर कारण सापडलं. नाहीतर सगळं एकाच बोर्डावर आण. अर्थिंगची पिन काढून घुं घालवायचा सल्ला कुणीतरी देईलच. तो कदापि ऐकू नकोस. त्यात जिवाला धोका आहे.

जागा ठरल्या, मोजणी झाली, की मग बटणं. रिसीव्हरमध्ये सगळे स्पीकर 'स्मॉल' कर आणि क्रॉसओव्हर ८०वर ठेव. बेसच्या स्वतंत्र चॅनेलची मर्यादा १२०वर असू दे. मग मुख्य स्पीकर आणि सबवूफर एकत्र लावून पुन्हा मोज. ८०च्या आजूबाजूला नवा खड्डा पडलेला दिसला तर तो खोलीचा नाही. दोघांचे आवाज तिथे एकमेकांना मारत आहेत. सबवूफरची फेज उलटी करून बघ किंवा रिसीव्हरमध्ये त्याचं अंतर थोडं थोडं बदलत जा, जिथे ८०ला सर्वांत जास्त भरेल तिथे थांब.

रिसीव्हरची स्वयंचलित जुळणी याच्या नंतर चालव. तू ती पहिल्या दिवशीच चालवलीस, सबवूफर कोपऱ्यात आणि खुर्ची खड्ड्यात असताना. तिनं त्या खोट्या परिस्थितीला बसेल असा हिशेब लावून ठेवलाय. तो पुसून टाक.

आणि इक्वलायझरबद्दल हे नीट वाच. उंचवटे काप, खड्डे भरू नकोस. ७०चा उंचवटा आईची जागा सोडून बाकीच्या आलेखांत दिसला तर त्या स्वरावर अरुंद पट्टीत सहा-आठ डेसिबल खाली ये. उंचवटा उतरतोच, शिवाय ती शेपटीही आखूड होते, हा मोठा फायदा. आईच्या जागी ७० आधीच कमी आहे, तिथे आणखी कमी होईल; तिची त्याला हरकत असणार नाही. पण ३५चा खड्डा भरायला गेलास तर काय होतं बघ. तीन डेसिबल वाढवायला ॲम्प्लिफायरला दुप्पट ताकद लागते, दहा डेसिबलला दहापट. तुझा २०० वॅटचा ॲम्प्लिफायर २००० वॅट कुठून आणणार? आणि आणले तरी तुझ्या जागी पडलेला खड्डा तसाच राहील, कारण जितकं जास्त पाठवशील तितकंच जास्त परावर्तित होऊन त्याला मारणार. सबवूफर मात्र जळेल, आणि खालच्या मजल्यावरचे बेल वाजवतील. खालच्यांना त्रास होतो तोही बहुतेक वेळा एखाद्याच फुगलेल्या स्वराचा. तो उतरला की त्यांचाही त्रास बराच कमी होईल. सबवूफरखाली रबराची जाड गादी घाल, स्लॅबमधून जाणारी थरथर कमी होते. खोलीतला बेस तिनं सुधारणार नाही.

भिंतीवर चिकटवायचा तो करड्या रंगाचा फोम तुला सुंदर दिसत असेल, पण बेससाठी घेऊ नकोस. ३५ हर्ट्झच्या लहरीचा चौथा हिस्साच आठ फूट होतो. दोन इंचांचा फोम तिला काय अडवणार? मागच्या दोन्ही कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत रॉकवूलचे जाड थर, घनमीटरला ४८ किलो घनतेचे, कापडात नीट शिवून उभे केलेस तर ७०च्या वर थोडा गुण येईल आणि खोलीचा एकूण आवाजही निवेल. ते काम सुताराकडून करून घे, हातमोजे आणि मास्क लावून. आत्ता लगेच नको. आधीचं सगळं झाल्यावर, आलेख बघून ठरवू.

शेवटी सबवूफरची पातळी तीन-चार डेसिबल वर ठेवलीस तर माझी हरकत नाही. घरात बहुतेकांना थोडा भरलेला बेस आवडतो, मलाही आवडतो. पण तो सगळ्या खालच्या पट्टीत सारखा भरलेला असू दे.

या रविवारी खुर्च्या हलव आणि रांगायचं काम उरकून घे, दादाला मदतीला घे. सबवूफर एकट्यानं उचलू नकोस, पाठ धरेल. माइक आला की चारही जागांचे आलेख मला पाठव, सबवूफर एकटा आणि स्पीकरसह, दोन्ही. दुसरा सबवूफर घ्यायचा की नाही ते आलेख बघून मी सांगेन, तोवर दुकानदाराला थांबव. आणि आईला नवीन खुर्चीवर बसवून तिच्या आवडीचा एखादा जुना सिनेमा आधी लाव, तुझा मारधाडीचा नंतर. तिला तिथे कसं वाटलं, ते तिच्याच शब्दांत मला कळव.

वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
आत्या